कशाच्या पलीकडे?

इंग्रजी वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी उघडा आणि 'ट्रान्सेंड' हे क्रियापद शोधायला लागा. मैफलीवर लिहिणारा सांगेल की गायिकेचा स्वर भाषेला ट्रान्सेंड करून गेला. खेळाच्या पानावर कुणाची तरी खेळी धावफलकाला ट्रान्सेंड करते. मृत्युलेखातला नेता पक्षाला ट्रान्सेंड करतो, परीक्षणातली कादंबरी तिच्या काळाला, आणि जाहिरातीतलं अत्तर थेट इंद्रियांनाच! हे सगळं वाचून संगणकाच्या दुकानात गेलात, तर तिथे 'ट्रान्सेंड' नावाच्या तैवानी कंपनीचा पेन ड्राइव्ह तुमच्या हातात पडू शकतो.

एकच शब्द ब्रह्मज्ञानापासून पेन ड्राइव्हपर्यंत कसा काय पोचतो? 'ट्रान्सेंडन्स' ऐकलं की आपल्यासमोर काहीतरी धूसर, उंच, हात जोडायला लावणारं उभं राहतं. पण हा शब्द उकलून बघा. आत धूसर असं काहीच नाही. आत दोन माणसं आहेत. एक कड्यावर चढतंय आणि दुसरं पाण्यातून पलीकडे चाललंय. आणि ही दोन्ही माणसं बघायला लांब रोमला जायची गरज नाही. पोलादपूरहून उमरठची वाट धरली तरी चालेल.

आधी चढणाऱ्याकडे बघू. 'ट्रान्सेंड' या लॅटिनमधून आलेल्या शब्दाचा मागचा तुकडा आहे 'स्कांदेरे', म्हणजे चढणं. अगदी हातापायांनी चढणं. वर चढलं की 'असेंड', खाली उतरलं की 'डिसेंड', आणि चढता चढता पलीकडे गेलं की 'ट्रान्सेंड'. लॅटिनमध्ये चढायच्या साधनाला, म्हणजे शिडीला, याच क्रियापदापासून 'स्काला' हा शब्द तयार झाला. तुमच्या कंपासपेटीतली 'स्केल' तिथूनच आली. पट्टीवरच्या रेघा म्हणजे शिडीच्या पायऱ्याच की! रोमन लोक कवितेची वृत्तं मोजायलाही 'स्कांदेरे' म्हणत. एकेक चरण पायरीसारखा चढत जायचा. त्या बारकाईनं मोजण्यातून पुढे बारकाईनं न्याहाळणं आलं, त्यातून 'स्कॅन' आलं, आणि आज वडापावच्या गाडीवर आपण ज्या चौकोनासमोर फोन धरतो तिथे तेच रोमन चढणं चालू असतं. 'स्कँडल'सुद्धा याच घराण्यातलं. ग्रीकमध्ये तो सापळ्याचा शब्द होता. टपकन उडी मारून मिटणारा सापळा. थबकून विचार करा, अध्यात्माचा शब्द आणि भानगडीचा शब्द, दोन्ही एकाच मुळावर!

पण मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते पुढच्या शब्दाचं. शिडी लावून शत्रूच्या तटावर चढून जाणं, या लष्करी डावपेचाला युरोपात नाव होतं 'एस्कलेड'. 'स्काला'वरून आलेलं. विसाव्या शतकाच्या तोंडावर अमेरिकेत सरकता जिना आला, तेव्हा या 'एस्कलेड'लाच शेपूट जोडून त्याचं नाव ठेवलं 'एस्कलेटर'. म्हणजे मॉलमध्ये दोन पिशव्या घेऊन आपण ज्यावर निवांत उभे राहतो, त्याच्या नावात किल्ल्यावरचा हल्ला आहे.

आणि किल्ल्यावरचा हल्ला म्हटलं की उमरठ आलंच.

पोलादपूर तालुक्यातलं हे गाव तानाजी मालुसऱ्यांचं. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री त्यांनी मावळ्यांसह कोंढाण्याचा कडा चढून गड घेतला आणि तिथेच त्यांना मरण आलं. सभासदाच्या बखरीत मावळे कडा चढून गेले हे येतं. घोरपड मात्र बखरीत नाही, ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून आपल्या मनात शिरली. मराठ्यांच्या इतिहासात दोराच्या शिडीला 'माळ' म्हणत. 'माळ लावून गड घेतला' असा प्रयोग जुन्या लिखाणात भेटतो. आता जुळवून बघा. माळ म्हणजे 'स्काला'. माळ लावून तटावर जाणं म्हणजे 'एस्कलेड'. ज्या क्रियापदातून हे शब्द निघाले त्याच क्रियापदातून 'ट्रान्सेंडन्स' निघाला. इंग्रजी लेखकाला जे धुक्यातलं वाटतं ते मावळ्यांनी खडकात बोटं रोवून केलं होतं.

एवढ्यावर थांबू नका. संस्कृतात 'स्कन्द्' धातू आहे. उडी घेणं, झेपावणं असा त्याचा अर्थ. लॅटिनमधला 'स्कांदेरे' आणि हा 'स्कन्द्' सख्खे भाऊ आहेत. युद्धाचा देव कार्तिकेय, त्याचं दुसरं नाव स्कंद, ते याच धातूशी जोडलेलं. (भागवताचे 'स्कंध' वेगळे, त्यात ध आहे.) आणि शत्रूवर अचानक तुटून पडणं, छापा घालणं, याला संस्कृतात शब्द काय? 'अवस्कंद'. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो. एकच जुना धातू पश्चिमेला गेला आणि 'एस्कलेड' झाला, पूर्वेला राहिला आणि 'अवस्कंद' झाला. हजारो वर्षं एकमेकांची खबर नसलेल्या दोन भाषांनी हल्ल्याचं नाव त्याच मुळावर बांधलं.

ही नाती आपल्याला कळली त्याला फार काळ झाला नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सनं सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य इतकं खोल आहे की या तिन्ही भाषा कुठल्यातरी एकाच उगमातून निघाल्या असणार, आणि तो उगम कदाचित आता उरलेलाही नसेल. तानाजीच्या काळात ही गोष्ट जगात जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हती. शिवरायांचं चरित्र संस्कृत काव्यात लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरातच आहे. एवढा मोठा संस्कृत पंडित, पण सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांची भाषा आपल्या देवभाषेची लांबची नातलग आहे, हे त्यांना कसं कळावं?

आता पाण्यातून पलीकडे निघालेला दुसरा माणूस. शब्दाचा पुढचा तुकडा 'ट्रान्स', म्हणजे पलीकडे, आडवं पार. याचं मूळ ज्या प्राचीन धातूत आहे, त्याचंच संस्कृत रूप 'तॄ', म्हणजे तरणं. आपल्या 'तिरकस'मध्ये जो 'तिरस्' बसलाय, तो तर 'ट्रान्स'चा अगदी जवळचा नातलग.

या 'तॄ'नं मराठीत काय काय करून ठेवलंय ते बघा. नदीचा काठ तो 'तीर'. पाय टेकवत पलीकडे जाता येईल अशी पात्रातली जागा ते 'तीर्थ'. काशी, पंढरपूर, आणि तळहातावर घेतो ते पाणी, हे सगळे अर्थ त्या उथळ जागेवरून पुढे आले. जैनांचे 'तीर्थंकर' म्हणजे पलीकडे जायची वाट करून देणारे. कोकणात आणि गोव्यात माणसं पलीकडे नेणारी होडी ती 'तर', समुद्रातलं जहाज ते 'तारू'. आजारी माणूस वाचला की आपण म्हणतो, 'तरला बाबा!' एखाद्यानं घोळ घातला की आई ओरडते, 'आता तूच निस्तर!' यातलं निस्तरणं म्हणजे पाण्यातून एकदाचं बाहेर पडणं. देव पलीकडून खाली आला की 'अवतार', दुसऱ्याचं वाक्य आपल्या कागदावर खाली आलं की 'अवतरण', आणि त्याला दोन्ही बाजूंनी राखणारी ती अवतरणचिन्हं. सोसायटीतून कर्ज काढताना ठेवतो ते 'तारण'ही तारण्यातलंच. ही सगळी मंडळी एकाच सातबाऱ्यावरच्या सहहिस्सेदारांसारखी आहेत. एकमेकांना ओळखत नाहीत, पण मूळ मालकाचं नाव एकच.

सातबारा म्हटला की त्याचा 'उतारा' आला, आणि तिथे माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात सुंदर कोडं आहे. 'उतरणे' हा शब्द सोडवून बघा. 'उत्' म्हणजे वर आणि 'तॄ' म्हणजे तरून जाणं. वर! मग 'उतरणे' म्हणजे खाली येणं कसं झालं?

उत्तर नदीच्या काठावर आहे. प्रवाहातून चालत पलीकडे गेलेला माणूस शेवटी काय करतो? पाण्यातून वर येऊन काठावर पाय ठेवतो. ते झालं मूळचं 'उत्तरण'. पुढे तो होडीतून गेला, तरी काठाला लागल्यावर उतरलाच. मग बैलगाडीतून उतरला, घोड्यावरून उतरला. पाणी कथेतून गळून पडलं आणि वाहनातून बाहेर पडणं तेवढं राहिलं. वाहन उंच असतं, म्हणून बाहेर पडणं म्हणजे खाली येणं. झालं! वर जाण्याचा शब्द पायरीपायरीनं खाली येण्याचा शब्द झाला. आज एसटीतून कुणी 'पोलादपूरला उतरलो' म्हणतो, तेव्हा तो नकळत एक नदी पार करून काठावर पाय ठेवतोय. जुना अर्थ पुरता गेलेला नाही. पावसाळा सरला की खेड्यात विचारतात, 'नदीला उतार आहे का?' म्हणजे पायी पलीकडे जाता येईल का. दहावीच्या निकालात 'उत्तीर्ण' लिहिलेलं असतं, तेही पाण्यातून बाहेर आलेल्या मुलाचं वर्णन आहे. ऑक्सफर्ड या नावाचा अर्थ तरी काय? बैल पलीकडे नेता येतील असा उतार! जगातल्या एका बड्या विद्यापीठाचं नाव आपल्या नदीकाठच्या बोलण्यातलं आहे, आणि परीक्षेचा निकालही.

या मुलखात हे शब्द नुसते शब्द राहत नाहीत. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर आणि महाडवरून वाहत बाणकोटच्या खाडीत मिळते. उमरठच्या पुढे ढवळे गाव, त्याच्या डोक्यावर चंद्रगड, आणि तिथून महाबळेश्वरचा माथा सरळ उभ्या भिंतीसारखा दिसतो. इथे कुठेही जायचं तर एकतर चढायचं, नाहीतर पाणी ओलांडायचं. लोककथा सांगते की तानाजींचं शव ज्या वाटेनं सह्याद्री उतरवून उमरठला आणलं ती केळदजवळची वाट म्हणजे मढे घाट. उमरठला त्यांची समाधी आहे आणि माघ वद्य नवमीला तिथे माणसं जमतात. म्हणजे वर चढून जाणं आणि पलीकडे उतरणं, शब्दाचे दोन्ही तुकडे एकाच माणसाच्या अखेरच्या प्रवासात आले. आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला, दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं वाहून गेली. पलीकडे पोचणं किती अवघड असू शकतं हे इथल्या लोकांना कुणी शब्दकोशातून सांगायला नको.

आता 'पार' घ्या. प्रतापगडाच्या पायथ्याशी पार नावाचं गाव आहे आणि तिथून कोकणात उतरणारा पारघाट. गावाच्या नावाची व्युत्पत्ती मला सांगायची नाही. मला बोट ठेवायचंय ते आपल्या रोजच्या 'पार'वर. 'पार' म्हणजे पलीकडचा काठ. 'लग्न पार पडलं' म्हणजे काय? मांडववाले, आचारी, रुसलेले मामा, सगळ्यांना घेऊन ती होडी एकदाची पलीकडे लागली! 'पार थकलो' म्हणजे दमणुकीच्या पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आलो. 'पारंगत' म्हणजे विद्येच्या पलीकडच्या तीराला पोचलेला. 'पारायण' म्हणजे पोथी या काठापासून त्या काठापर्यंत वाचत जाणं. उपासाचं 'पारणं' म्हणजे उपास पलीकडे लागणं.

आणि 'आनंदाला पारावार उरला नाही'? यात 'पार' आहे आणि 'अवार' आहे. पलीकडचा काठ आणि अलीकडचा काठ. दोन्ही काठ नाहीसे झाले, चहूकडे नुसतं पाणी. एवढं मोठं चित्र आपण मुलगा पहिला आल्यावर शेजारणीला सहज सांगून टाकतो. हे कळल्यावर मला 'पारावार' हा शब्द आता हळू आवाजात उच्चारताच येत नाही.

या 'पार'चं घराणंही युरोपभर पसरलंय. इंग्रजी 'पोर्ट', 'फोर्ड' आणि 'फेरी' त्यातलेच. सावित्रीच्या मुखाशी वेसवी ते बागमांडला अशी फेरीबोट चालते. तिच्यावर गाड्या चढतात आणि रत्नागिरी जिल्ह्यातून रायगड जिल्ह्यात येतात. त्या बोटीच्या इंग्रजी नावात आपला 'पार' आहे आणि कोकणी माणसाच्या तोंडच्या 'तर'मध्ये 'ट्रान्स'. दोन्ही शब्द एकाच होडीत बसून खाडी ओलांडतात.

मग इंग्रजी लेखनातला तो धूसरपणा आला कुठून? कारण साधं आहे, व्याकरणाचं. 'ट्रान्सेंड' हे क्रियापद कर्म मागतं. काय ओलांडलं ते सांगावंच लागतं. भाषा, वर्ग, काळ, वेदना, काहीतरी. पण त्याचं नाम केलं, 'ट्रान्सेंडन्स', की कर्म गळून पडतं. 'तिच्या गाण्यात ट्रान्सेंडन्स होता' हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष आहे, आणि तिनं काय ओलांडलं हे त्यात कुठेच नाही. काठ नसलेली नदी! म्हणूनच तो शब्द अत्तराला चालतो, चित्राला चालतो, चॉकलेटला चालतो. लेखकाला ज्या क्षणी नेमकं सांगायचं नसतं किंवा सांगता येत नसतं, त्या क्षणी हे नाम मदतीला येतं. मी या शब्दाचा शत्रू नाही. कधीकधी खरंच सांगता येत नाही. पण दर परिच्छेदात सांगता येत नसेल, तर अडचण अनुभवाची नसून लेखणीची आहे.

मराठीची यात एक गंमत आहे. आपण 'अतीत' जोडतो, पण ओलांडलेली गोष्ट आधी सांगितल्याशिवाय तो शब्द जोडताच येत नाही. शब्दातीत, कालातीत, कल्पनातीत, गुणातीत. कर्म दारातच उभं. एकट्या 'अतीत'चा अर्थ होतो भूतकाळ. साताऱ्याहून कराडला जाताना हमरस्त्यावर अतीत नावाचं गाव लागतं, ते वेगळं. 'पलीकडे' म्हणा, 'बाहेर' म्हणा, आधी 'च्या' येतोच. शब्दांच्या पलीकडे, आवाक्याच्या बाहेर. मराठीत विचारलेलं नसतानाही उत्तर द्यावं लागतं, कशाच्या?

भगवद्गीतेच्या चौदाव्या अध्यायात 'गुणातीत' येतो, आणि तिथे काय ओलांडायचं याची यादी चोख आहे. सत्त्व, रज आणि तम. तिघांची लक्षणं आधी सविस्तर सांगितली आहेत, पलीकडे जाण्याची गोष्ट त्यानंतर. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये तोच विचार मराठीत आणला. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला असं परंपरा मानते. त्या ग्रंथातही निर्गुणाकडे जाण्याआधी प्रपंच, आळस, हस्ताक्षर, मूर्खाची लक्षणं, सगळ्याचा हिशेब आहे. अलीकडचा काठ नीट पाहिल्याशिवाय हे लोक होडी सोडत नाहीत.

हीच गीता १७८५ मध्ये चार्ल्स विल्किन्सनं इंग्रजीत नेली. ती अमेरिकेत एमर्सन आणि थोरो यांच्या हाती पडली. त्या मित्रमंडळींना आज जग कोणत्या नावानं ओळखतं? 'ट्रान्सेंडेंटलिस्ट'! थोरोनं १८५४ च्या 'वॉल्डन'मध्ये गीतेचं ऋण मोकळेपणानं मानलंय. जर्मनीत त्याआधी, १७८१ मध्ये, कांटनं बजावून ठेवलं होतं की 'ट्रान्सेंडंट' आणि 'ट्रान्सेंडेंटल' यांत गल्लत करू नका. पहिला शब्द अनुभवाच्या पलीकडच्यासाठी, दुसरा अनुभव मुळात शक्य कशानं होतो त्यासाठी. रोजच्या इंग्रजीनं त्याचं काही ऐकलं नाही. १९६८ मध्ये बीटल्स महर्षी महेश योगींकडे 'ट्रान्सेंडेंटल मेडिटेशन' शिकायला ऋषिकेशला आले, आणि हा शब्द जगभरच्या दिवाणखान्यांत गेला.

पण तुम्हाला हा शब्द सगळ्यात चोख वापरलेला बघायचाय? कवींकडे जाऊ नका. गणितात जा.

शाळेतला पाय आठवतो ना, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास? त्याला गणितात 'ट्रान्सेंडेंटल' संख्या म्हणतात. तो नेमकं काय ओलांडतो? बघा. दोनचं वर्गमूळ दशांशात लिहायला गेलात तर संपत नाही, पण त्याला पकडायला एक साधं समीकरण पुरतं. क्षचा वर्ग बरोबर दोन. सापडला! पायसाठी असं समीकरण नाही. पूर्णांक घ्या, क्षचे वर्ग, घन, शंभरावे घात, हजारावे घात घ्या, बेरीज-वजाबाकी करून शून्याशी मांडा. एकसुद्धा असं समीकरण पायला धरू शकत नाही. बीजगणिताचं हे अख्खं जाळं तो ओलांडून जातो. आणि हे कुणाचं मत नाही. १८८२ मध्ये फर्डिनांड लिंडेमाननं ते सिद्ध केलं. त्याबरोबर दोन हजारांहून जास्त वर्षांचा एक प्रश्न निकालात निघाला. नुसती पट्टी आणि कंपास घेऊन वर्तुळाच्या क्षेत्रफळाएवढा चौरस काढता येतो का? नाही. कधीच येणार नाही. काय ओलांडलं हे एवढं स्वच्छ सांगता आलं, म्हणून 'कधीच नाही' हेही ठामपणे सांगता आलं. भांड्याच्या कडेला, बांगडीच्या गोलाईत, रोजच्या भाकरीत ही पलीकडची संख्या दडलेली असते!

आता या शब्दाचा जुळा भाऊ भेटवतो. तो जरा अंगावर येईल. लॅटिनमध्ये 'ट्रान्स'ला चढण्याऐवजी पाऊल टाकणं जोडलं की होतो 'ट्रान्सग्रेस'. म्हणजे गुन्हा, मर्यादाभंग. दोघंही रेषा ओलांडतात. एकाला आपण आरती ओवाळतो, दुसऱ्याला कोर्टात खेचतो. मराठीत तर हे जुळेपण एकाच धातूत आहे. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं, म्हणून 'अतिक्रमण'. नगरपालिका हटवते ते! 'उल्लंघन' केलं की दंड होतो, पण दसऱ्याला त्याच उल्लंघनाला 'सीमा' जोडली की सोनं वाटतो.

रेषा तीच, पाऊल तेच. मग ते पुण्य की गुन्हा हे ठरतं कशावरून? याचं उत्तर मी शब्दकोशात शोधत होतो. ते उमरठहून खाली महाडच्या बाजारपेठेशेजारी आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांनाही खुल्या असाव्यात. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर रेषा पुसली गेली. तळ्याच्या काठावर ती तशीच होती. गुरं पाणी पीत होती, माणसांना बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले.

गावातल्या सवर्णांना ते अतिक्रमण वाटलं. जमावानं परतणाऱ्या माणसांना मारहाण केली, तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं, आणि तळं खाजगी आहे असा दावा लावला. चालत गेलेल्यांनी ओलांडलं काय होतं? कायदा नाहीच, तो तर त्यांच्याच बाजूचा होता. त्यांनी रूढी ओलांडली, भीती ओलांडली, आणि जन्मावरून ठरलेली पाण्याची हद्द ओलांडली. कशाच्या पलीकडे, या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर मी दुसऱ्या कुठल्या घटनेत पाहिलेलं नाही. इंग्रजी पुस्तकांत या दिवसाचं वर्णन करताना कुणी 'ट्रान्सेंड' लिहिलं, तर तिथे तो शब्द शोभतो. कारण काठ दिसतोय, पाणी दिसतंय आणि पावलं दिसतायत.

खटला जवळजवळ दहा वर्षं चालला. चवदार तळं खाजगी असल्याचा आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी असल्याचा दावा कोर्टात टिकला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सवर्णांचं अपील फेटाळलं आणि तळ्याच्या पाण्यावर सगळ्यांचा हक्क कायम झाला.